गोठलेल्या तळ्यावरील राहुटी आणि एका झरोक्याचा इतिहास

जानेवारीतील पहाट. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एखादे तळे. पाण्यावर फूट-दीड फूट जाडीचा बर्फ, तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि त्या पांढऱ्या सपाटीवर ठिपक्यांसारख्या पसरलेल्या लहान लहान राहुट्या. प्रत्येक राहुटीत बर्फाला पाडलेले एक भोक, भोकात सोडलेला गळ आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसलेला एक माणूस. पायांपाशी गॅसची छोटी शेगडी. बाहेरून पाहणाऱ्याला येथे एक गोष्ट विसंगत वाटते. एवढ्या थंडीत, पैसे मोजून आणलेल्या गॅसची ऊब टिकवायची तर राहुटी चारही बाजूंनी गच्च बंद करायला हवी. हा माणूस मात्र छताजवळचा झरोका मुद्दाम उघडा ठेवतो.

हा धागा त्या झरोक्याविषयी आहे. थोडक्या पैशांत बर्फावर ऊब कशी मिळवावी, हा प्रश्न वरवर पाहता गृहोपयोगी सूचनांच्या सदरात शोभेल असा आहे. परंतु त्याची उत्तरे शोधताना माणसे बेशुद्ध पडली, काही दगावली, आणि एका नामवंत दर्यासारंगाला ध्रुवीय रात्रीत थंडी आणि विषारी धूर यांपैकी एकाची निवड रोज करावी लागली.

प्रारंभ मात्र उबेपासून झाला नाही, अंधारापासून झाला.

उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांच्या परिसरात ऑजिब्वे लोकांची वस्ती फार जुनी आहे. हिवाळ्यात तळी गोठली की त्यांचे मच्छीमार बर्फाला भोक पाडत, त्यात लाकडात कोरलेला खोटा मासा दोरीने सोडत आणि त्याला पाण्यात फिरवत राहत. खऱ्या माशाला तो भक्ष्य वाटे किंवा प्रतिस्पर्धी. तो जवळ आला की लांब दांड्याचा भाला खाली जाई. फ्रान्सिस डेन्समोर या संशोधक स्त्रीने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘चिपेवा कस्टम्स’ या ग्रंथात ऑजिब्वेंच्या अशा जीवनरीतींची तपशीलवार नोंद आहे. विस्कॉन्सिनमधील लाक द्यू फ्लाम्बो येथील ऑजिब्वे कारागिरांचे लाकडी मासे आज संग्रहालयांत मांडलेले दिसतात.

या मासेमारीत एक अडचण असे. बर्फावर ऊन पडले की पाण्याचा पृष्ठभाग चकाकतो आणि खालचे काही दिसत नाही. म्हणून मच्छीमार भोकावर पालथा झोपून अंगावर घोंगडी ओढून घेई, किंवा वाकवलेल्या काटक्यांच्या सांगाड्यावर आच्छादन टाकून डोक्यापुरता अंधार करी. आत काळोख झाला की बर्फातून झिरपणारा उजेड पाण्याला खालून उजळतो आणि तळ स्पष्ट दिसू लागतो. इंग्रजीत अशा खोपटाला आजही ‘डार्क हाउस’ म्हणजे ‘अंधारघर’ म्हणतात.

म्हणजे बर्फावरील पहिले छप्पर पाहण्यासाठी उभे राहिले. ऊब हा त्याचा बिनखर्चाचा लाभ होता. हा लाभ कसा मिळतो, हे येथेच समजून घेणे बरे, कारण पुढची चारशे वर्षांची खटपट याच हिशोबाभोवती फिरते.

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. म्हणजे जुन्या काळच्या पिवळ्या बल्बइतकी. उघड्या तळ्यावर वारा ही उष्णता क्षणात पळवतो. घोंगडीखालच्या चिमूटभर हवेला मात्र तीच उष्णता पुरेशी होते. जागा जितकी लहान, तितकी ती तापवायला सोपी. दुसरा शत्रू पायाखाली असतो. थंडीच्या दिवसांत शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहिलेल्याला हे सांगावे लागत नाही: हवा थंड असली तरी सहन होते, फरशी मात्र तळव्यांतून ऊब ओढून घेते. बर्फ ही तशीच, कधीही न तापणारी फरशी आहे. ऑजिब्वे आपल्या विगवॅम या घरांत जमिनीवर सूचिपर्णी झाडांच्या फांद्या अंथरत, त्या फांद्यांत अडकलेली हवा हेच काम करी. वारा अडवा, जागा लहान ठेवा, बुडाखाली काहीतरी घाला. या तीन गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि आगीची काडीही न ओढता त्या निम्मी लढाई जिंकून देतात.

युरोपीय वसाहतवाले या तळ्यांवर आले तेव्हा त्यांनी अंधारघराची कल्पना उचलली आणि तिला फळ्यांच्या भिंती, पत्र्याचे छप्पर व लोखंडी शेगडी जोडली. बर्फावर लाकडी खोपटांच्या वस्त्या उभ्या राहू लागल्या. विस्कॉन्सिनमधील विनेबेगो सरोवरावर स्टर्जन या प्रचंड माशाची भाल्याने शिकार अशाच खोपटांतून होते. अतिशिकारीमुळे १९१५ मध्ये तेथे स्टर्जन मारण्यावर बंदी आली. १९३० च्या दशकाच्या आरंभी हिवाळी हंगाम नियमांच्या चौकटीत पुन्हा सुरू झाला आणि आजही चालतो. कॅनडातील क्यूबेक प्रांतात सेंट-आन-द-ला-पेराद या गावी १९३८ साली बर्फ कापताना नदीत लहान माशांचे थवे आढळले. तेव्हापासून दर हिवाळ्यात तेथे गोठलेल्या नदीवर खोपटांचे आख्खे गाव वसते.

खोपटात लाकडाची शेगडी म्हणजे चैन. पण बर्फावरचे घर ही विचित्र वस्तू आहे. आत ऊब वाढली की पायाखालची जमीन वितळू लागते. दिवसा वितळलेले पाणी रात्री पुन्हा गोठते आणि खोपटाच्या तळाचे ओंडके बर्फात चिणले जातात. जाणते लोक म्हणून खोपटाखाली लाकडी ठोकळे ठेवतात. न ठेवणाऱ्याला हंगामाच्या शेवटी कुऱ्हाड घेऊन आपलेच घर बर्फातून खोदून काढावे लागते. शिवाय असे खोपटे ओढायला घोडा हवा, पुढे मोटार हवी, आणि मासे तर एका जागी थांबत नाहीत. ज्याच्याकडे घोडाही नाही आणि मोटारही नाही, त्याने काय करावे? हा प्रश्न पुढे पुन्हा येईल.

त्याआधी दुसरा, अधिक गंभीर प्रश्न आहे: बंद खोक्यात आग पेटवली की काय होते? त्याचे सर्वांत जुने आणि सविस्तर उत्तर तळ्यावर सापडत नाही. त्यासाठी आर्क्टिक समुद्राकडे वळावे लागते.

१५९६. डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्झ आणि त्याचे सोबती आशियाकडे जाणारा ईशान्य मार्ग शोधत असताना नोव्हाया झेम्ल्या या बेटाच्या किनाऱ्याशी त्यांचे जहाज बर्फात अडकले. १७ माणसांवर तेथेच हिवाळा काढण्याची वेळ आली. वाहून आलेली लाकडे आणि जहाजाच्या फळ्या जोडून त्यांनी एक घर बांधले. मध्यभागी चूल, तिच्यावर धुराडे, भिंतींशी झोपण्याचे कप्पे. खलाशांपैकी गेरिट द व्हीर याने लिहिलेली दैनंदिनी १५९८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यामुळे त्या घरातील जवळजवळ प्रत्येक रात्र आपल्याला ठाऊक आहे. भिंतींवर आतून बर्फाचा थर साचे. विस्तवाशी पाय नेले तर पायांना ऊब जाणवण्याआधी मोजे जळत, आणि ते जळत असल्याचे वासावरून कळे. अंथरुणात तापवलेले दगड घेऊन ही माणसे झोपत.

७ डिसेंबरला त्यांनी ठरवले की आज एकदा तरी मनसोक्त ऊब घ्यायची. जहाजातून दगडी कोळसा आणला होता. त्याची मोठी आग केली. ती ऊब वाया जाऊ नये म्हणून दार बंद केले आणि धुराडेही बुजवले. ऊब खरोखरच मिळाली. माणसे कप्प्यांत पडून समाधानाने गप्पा मारू लागली. थोड्या वेळाने डोकी गरगरू लागली. आधी त्रास जाणवला तो एका आजारी माणसाला, कारण तो मुळातच अशक्त होता. ज्यांच्या अंगात थोडे बळ शिल्लक होते त्यांनी धडपडत धुराडे आणि दार उघडले. दार उघडणारा तेथेच बर्फात कोसळला. बाहेरची हाडे गोठवणारी हवा आत आली, आणि ज्या थंडीला ते महिनोन् महिने शिव्या देत होते, तिनेच त्यांना वाचवले.

आपल्याला नेमके काय झाले, हे त्या माणसांना कळणे शक्य नव्हते. कार्बन मोनॉक्साइड हा वेगळा वायू आहे, हे इंग्लंडमध्ये विल्यम क्रुकशँक याने दाखवले ते १८०० साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे फुप्फुसात हवा जात राहते आणि शरीर तरीही गुदमरते. क्लोद बर्नार याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या क्रियेचा उलगडा केला आणि १८९० च्या दशकात ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन याने हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम मोजले. त्याला रंग नाही, वास नाही. बॅरेंट्झच्या सोबत्यांना जाणवली ती फक्त सुखद ऊब आणि मग चक्कर.

बॅरेंट्झ स्वतः परतीच्या वाटेवर २० जून १५९७ रोजी मरण पावला. १७ पैकी १२ जण घरी पोहोचले. ते घर १८७१ मध्ये एका नॉर्वेजियन कप्तानाला, एलिंग कार्लसेन याला, आतील भांड्याकुंड्यांसह सापडले.

याच आर्क्टिकमध्ये शतकानुशतके राहणाऱ्या इनुइट लोकांनी हे कोडे केव्हाच सोडवले होते, आणि तेही फुकटच्या सामग्रीने. त्यांच्या हिमगृहाचे चित्र प्रत्येकाने शाळेच्या पुस्तकात पाहिलेले असते, पण त्यातील शहाणपण चित्रात क्वचितच दिसते. प्रवेशाचा बोगदा आतील बैठकीपेक्षा खालच्या पातळीवर असतो. थंड हवा जड, ती खाली साचते. उबदार हवा हलकी, ती वर राहते. माणसे वरच्या ओट्यावर झोपतात, म्हणजे घरातील सगळी ऊब जेथे गोळा होते तेथे. बर्फाच्या ठोकळ्यांत अडकलेली हवा गोधडीचे काम करते. दगडी दिव्यात सीलची चरबी मंद जळत राहते. आणि घुमटाच्या माथ्याशी एक लहान भोक राखलेले असते. ते भोक बुजू नये याची काळजी घेतली जाते. दिवा, ओटा, बोगदा आणि भोक या चार गोष्टी एकमेकींशिवाय अपुऱ्या आहेत. नकाशे काढणारे युरोपीय मात्र त्यांतील बरेचसे बघायलाच विसरले.

आता पुन्हा त्या घोडा नसलेल्या मच्छीमाराकडे. त्याला पाठीवर किंवा छोट्या घसरगाडीवर नेता येईल अशी राहुटी हवी होती, आणि राहुटीत लाकडाची शेगडी नीट बसत नाही. तिला धुराडे लागते, कापडाला आग लागते. हा पेच सुटला १८९२ मध्ये. स्वीडनचा फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने रॉकेलचे आधी वाफेत रूपांतर करून मग ते जाळणारा स्टोव्ह तयार केला. त्याचे नाव प्राइमस.

मराठी घरांना या नावाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. मुंबईच्या चाळीत आणि गावोगावच्या स्वयंपाकघरांत अनेक दशके जो पितळी स्टोव्ह घरघरत असे, ज्याला पंप मारावा लागे आणि ज्याचे तोंड चोंदले की पिन घालावी लागे, तो हाच. अनेकांच्या आजीने ज्याच्यावर चहा उकळला, त्याच जातीचा स्टोव्ह घेऊन फ्रिट्यॉफ नानसेन १८९३ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघाला होता. थोड्या रॉकेलात भरपूर उष्णता, निळी ज्योत, धूर नाही, काजळी नाही. ध्रुवीय प्रवासाला आणि बर्फावरील मासेमारीला याहून सोयीची वस्तू तोवर मिळाली नव्हती.

सोयीतच खोच होती. लाकडाची चूल धूर सोडते. धूर डोळ्यांना झोंबतो आणि माणूस आपोआप दार उघडतो. प्राइमसला धुराडे लागत नाही, म्हणून तो सरळ राहुटीच्या आत आला. हवा पुरेशी असेल तोवर ज्योत स्वच्छ जळते. पण बंद राहुटीत ऑक्सिजन घटू लागला, किंवा ज्योतीवर थंडगार भांडे अगदी टेकवून ठेवले, की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. डोळ्यांना काही झोंबत नाही. शेगडी हलकी झाली, राहुटी सुटसुटीत झाली, आणि धोक्याची जी एकमेव फुकटची सूचना होती ती नाहीशी झाली. स्वीडनचा एस. ए. आंद्रे १८९७ मध्ये बलूनने उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि दोन सोबत्यांसह नाहीसा झाला; १९३० मध्ये त्यांची शेवटची छावणी आणि अवशेष सापडले. मृत्यूच्या कारणांवर आजही वाद आहे. राहुटीतील प्राइमसने घात केला, असे एक मत त्यात आहे.

रिचर्ड बर्ड याच्या बाबतीत वादाला जागा नाही, कारण तो जगला आणि त्याने स्वतःच सगळे लिहून ठेवले.

अमेरिकी नौदलाचा अधिकारी बर्ड १९३४ मध्ये अंटार्क्टिकात होता. हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी त्याने मुख्य तळाच्या दक्षिणेस सुमारे २०० किलोमीटरवर, बर्फात पुरलेल्या एका छोट्या खोलीत एकट्याने हिवाळा काढण्याचे ठरवले. खोली पुरलेली, म्हणून वाऱ्याचा त्रास नाही. लहान, म्हणून तापवायला सोपी. पहिले दोन नियम त्याने काटेकोर पाळले होते. खोलीत तेलाचा स्टोव्ह होता; त्याच्या नळीचे सांधे पक्के नव्हते. वायुवीजनाच्या नळ्यांत माणसाच्या श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ गोठून बर्फ साचे. भोवतालच्या बोगद्यात रेडिओसाठी पेट्रोलवर चालणारे यंत्र होते. बाहेर तापमान उणे ६० अंशांपर्यंत उतरे.

३१ मे रोजी मुख्य तळाशी रेडिओवर बोलत असताना ते यंत्र धूर ओकू लागले आणि बर्ड कोसळला. त्यानंतरचे दोन महिने म्हणजे रोजचा एक क्रूर हिशोब. स्टोव्ह चालू ठेवावा तर विष. बंद ठेवावा तर गोठून मरण. त्याने दिवसातील बरेच तास स्टोव्ह बंद ठेवला आणि भिंतींवर वर वर चढत जाणारा बर्फ पाहत पडून राहिला. तळावरील लोकांना काही कळू द्यायचे नाही, कारण ध्रुवीय रात्रीत त्याच्या सुटकेसाठी निघणारे मरतील, असे त्याला वाटे. पण त्याच्या संदेशांतील विसंगती लपली नाही. टॉमस पोल्टर याच्या नेतृत्वाखालील तुकडी दोनदा माघारी फिरली आणि तिसऱ्या प्रयत्नात, ऑगस्टमध्ये, पोहोचली. बर्डला परतण्याइतकी ताकद यायला आणखी दोन महिने लागले. १९३८ मध्ये त्याचे ‘अलोन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. धाडसी एकांताची कथा म्हणून ते वाचले जाते. वास्तविक त्यातील मध्यवर्ती पात्र एक सदोष शेगडी आहे.

बर्डच्याच मोहिमांत तयार झालेल्या एका माणसाने या इतिहासात आणखी एक भर घातली. पॉल सायपल १९२८ मध्ये बालवीर म्हणून बर्डबरोबर अंटार्क्टिकाला गेला होता. पुढे शास्त्रज्ञ झाल्यावर त्याने चार्ल्स पॅसेल याच्यासह १९४१ मध्ये एक साधा प्रयोग केला. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात २५० ग्रॅम पाणी भरून ते उघड्यावर टांगले, आणि वेगवेगळ्या वाऱ्यांत ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजले. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींतून ‘विंड चिल’ ही कल्पना आकाराला आली. आजच्या सूत्रानुसार उणे २० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ते उणे ३३ अंशांसारखे लागते. कापडाचा एक साधा पडदा, ज्यात एक वॅटचीही शेगडी नाही, हे तेरा अंश परत मिळवून देतो. घोंगडीखालच्या ऑजिब्वे मच्छीमाराला जे अंगाने ठाऊक होते, त्याचा आता आकडा मिळाला.

राहुटी खऱ्या अर्थाने प्रत्येकाच्या आवाक्यात आली ती १९८० च्या दशकात. मिनेसोटाचे डेव्ह गेन्झ हे जातिवंत मच्छीमार. जड खोपटात बसून माशांची वाट पाहण्यापेक्षा भोके पाडत माशांच्या मागे फिरावे, असे त्यांचे मत. त्यासाठी त्यांनी घसरगाडीवरच बसणारी राहुटी तयार केली: गाडीत बैठक, मागे दुमडलेला कापडी सांगाडा. भोकापाशी आले की सांगाडा डोक्यावरून पुढे ओढायचा, की राहुटी उभी. मासे नसले तर पुन्हा मागे टाकायचा आणि पुढे निघायचे. ‘फिश ट्रॅप’ या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि तिच्या धर्तीवरील असंख्य राहुट्या आज विकल्या जातात. बैठक गाडीच्या तळावर असल्याने ती बर्फापासून आपोआप वर उचलली गेली, हा लाभ तर हिमगृहातील ओट्याचाच.

पातळ कापडाच्या राहुटीला एक खोड असते. आतील शेगडी बंद केली की ऊब काही मिनिटांत निघून जाते. पुढे दोन कापडांच्या मध्ये भरण घालून शिवलेल्या, गोधडीसारख्या राहुट्या आल्या. पण त्या महाग. ज्याच्या खिशात तेवढे पैसे नाहीत, तो काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. तो आतून जुन्या रजईचा किंवा चादरीचा दुसरा पडदा बांधतो, शेगडीपासून हातभर दूर. दोन पडद्यांमध्ये हवा अडकते. राहुटीच्या खालच्या झालरीवर फावड्याने बर्फ ओढून तो दाबतो. वारा आत शिरतो तो तेथूनच. पायाखाली फोमच्या चटया, लहान मुलांच्या खोलीत अंथरतात तशा, भोकापुरती जागा कापून. ऊब छताशी गोळा होते आणि पाय थंड राहतात, म्हणून पाय फळीवर. पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती: एका मेणबत्तीची उष्णता सुमारे ८० वॅट, म्हणजे राहुटीत जवळजवळ आणखी एक माणूस बसवल्यासारखे. त्या माणसाला खाऊ घालावे लागत नाही, पण हवा मात्र तोही वापरतो.

गॅसच्या शेगडीलाही तिचे रसायन चुकत नाही. साध्या स्टोव्हच्या डब्यातील ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू होणे थांबवते. उणे १५ मध्ये तो डबा निरुपयोगी. प्रोपेन उणे ४२ पर्यंत उकळत राहते, म्हणून बर्फावर प्रोपेनच. पण एक किलो प्रोपेन जळले की सुमारे १.६ किलो पाणी तयार होते. बंद राहुटीत ही वाफ कापडावर गोठते, मग वितळून अंगावर ठिबकते, आणि ओले कपडे कोरड्या थंडीपेक्षा वाईट. म्हणजे ऊब वाचवण्यासाठी झरोका बंद करणारा माणूस शेवटी ओला होऊन जास्त गारठतो. जीव वाचवायचा म्हणून सोडाच, नुसते कोरडे राहायचे म्हणूनही झरोका उघडा हवा. वर एक आणि खाली एक अशी दोन भोके असली तर हवा खालून येते आणि वरून वाफ व धूर घेऊन जाते.

आजच्या अनेक सुवाह्य शेगड्यांत ऑक्सिजनची पातळी सुमारे १८ टक्क्यांवर उतरली की ज्योत आपोआप विझवणारी योजना असते. ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही, फक्त ऑक्सिजनची घट ओळखते, म्हणून शहाणे मच्छीमार वेगळा इशारायंत्राचा डबा खिशाशी बांधतात. तरीही बर्फावरील बंद खोपटांत माणसे दगावल्याच्या बातम्या येत राहतात. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत रात्रभर ठेवलेल्या कोळशाच्या अंगीठीने कुटुंबे दगावतात, त्या बातम्यांशी त्यांचे साम्य शब्दशः असते. ७ डिसेंबर १५९६ च्या रात्रीशीही.

मार्च उजाडतो. मिनेसोटाचा कायदा सांगतो की ठरावीक तारखेपर्यंत बर्फावरील खोपटी हलवलीच पाहिजेत, नाहीतर ती वितळत्या तळ्यात बुडतील. ठोकळे न ठेवणारे कुऱ्हाडी घेऊन येतात. राहुटीवाल्याला ही चिंता नाही; तो तर रोजच संध्याकाळी आवरतो. शेगडी विझवतो, चटया गुंडाळतो, सांगाडा मागे टाकतो. कापडाच्या आतल्या बाजूला दिवसभराचा श्वास आणि जळालेल्या गॅसचे पाणी पांढऱ्या कणांच्या रूपात चिकटलेले असते. तो कापड झटकतो, ते कण बर्फावर पडतात, आणि घसरगाडी ओढत तो काठाकडे निघतो. मागे उरतो बर्फातील एक चौकोनी खुणेचा कडा आणि मधोमध पुन्हा गोठू लागलेले भोक.